मदत हवी आहे: हॅम्बुर्ग-बायर्न मॅचमधली ती फ्रीकिक (अर्जंट!!)

चहाटपरी_एफसी: लोकहो पटकन सांगा, रात्री आठच्या आत उत्तर द्यायचंय. जर्मन फुटबॉल लीगमधल्या हॅम्बुर्गच्या मॅचमध्ये बायर्नला बॉक्सच्या आत फ्रीकिक मिळाली ती कशी काय? बॉक्समध्ये हँडबॉल झाला की पेनल्टी ना? इथे दोन पार्ट्या पडल्यात आणि दोघं मिळून माझं डोकं खातायत. गूगल करून झालंय, सगळं जर्मनमध्ये येतंय.

डावा_विंगर: साल? हॅम्बुर्ग 2018 ला खालच्या लीगमध्ये जाईपर्यंत ही मॅच दरवर्षी दोनदा व्हायची.

चहाटपरी_एफसी: अहो तीच, शेवटच्या मिनिटाची. सगळ्यांना माहितीये.

आळशी_गोलकीपर: बायर्नच्या मॅचेस बघायच्या असतील तर आख्ख्या वर्षाचं पॅक घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत सुट्टी असते, पैसे फुकट जातात. अनुभवाचे बोल.

डॉर्टमुंडचा_जावई: ते 2000-01 चा सीझन म्हणत असणार. 19 मे 2001, शेवटचा दिवस. बायर्न 62 पॉइंट्सवर, दुसऱ्या नंबरचा क्लब शालके 59 वर पण गोलफरक शालकेचा चांगला, म्हणजे शालके जिंकले आणि बायर्न हरले की शालके चॅम्पियन. तिकडे आपल्या ग्राउंडवर, पार्कस्टेडियनला, शालके आधी उंटरहाखिंगकडून 0-2 मागे, मग 5-3 ने जिंकले, आणि इकडे 90 व्या मिनिटाला बार्बारेझने हेडर मारून हॅम्बुर्गला 1-0 केलं. शालकेची पब्लिक ग्राउंडवर घुसली, रडतायत, मिठ्या मारतायत, टीव्हीवाला पण सांगून मोकळा की संपली मॅच. संपली नव्हती. 90+4 ला फ्रीकिकवर अँडरसनचा गोल, 1-1, बायर्न 63, शालके 62. ते सगळं त्यांनी तिथल्याच मोठ्या स्क्रीनवर बघितलं. आमच्या ऑफिसात अजून 'चार मिनिटांचे चॅम्पियन' म्हणून चिडवतात, आणि शालकेवाला एकच आहे बिचारा.

शिट्टीवाले_काका: मुद्द्याचं बोला. हॅम्बुर्गच्या उयफालूशीने बॉल मागे दिला आणि त्यांचाच गोली शोबरने तो हातात उचलला. आपल्याच माणसाने पायाने मुद्दाम दिलेला बॉल गोलीने हातात घ्यायचा नाही, 1992 पासूनचा नियम. आपल्या बॉक्समध्ये गोलीला हात लावायची मुभा असतेच, म्हणून याला हँडबॉल धरून पेनल्टी देत नाहीत, जिथे उचलला तिथून फ्रीकिक देतात.

डावा_विंगर: "मुद्दाम" हाच तर वादाचा मुद्दा आहे काका. तो टॅकल होता, पास कसला? रेफ्री मार्कुस मेर्कला शालकेवाले उगाच शिव्या घालत नाहीत.

शिट्टीवाले_काका: रेफ्रीला वाटलं मुद्दाम, विषय संपला.

डावा_विंगर: वा! मग धागे कशाला काढायचे.

घाटावरचा_बव्हेरियन: रडारड पुरे. शालकेने टायटल आठवडाभर आधीच घालवलं होतं. 12 मे ला श्टुटगार्टकडून 90 व्या मिनिटाला बालाकोव्हने मारला, शालके 0-1 हरले. त्याच दुपारी आमच्या झिकलरने कैझर्सलाउटर्नविरुद्ध 90 व्या मिनिटाला मारला, 2-1. तेव्हा कुठे होता मेर्क? आणि हॅम्बुर्गच्या मॅचनंतर चार दिवसांनी आम्ही मिलान शहरात व्हॅलेन्सियाला पेनल्टीवर हरवून चॅम्पियन्स लीगही घेतली.

डॉर्टमुंडचा_जावई: नऊ मॅच हरून चॅम्पियन झालात ते पण सांगा की. आणि आदल्या वर्षी तुमच्या म्युनिकशेजारच्या त्याच उंटरहाखिंगने लेव्हरकुसेनला 2-0 हरवून तुम्हाला टायटल दिलं होतं, बालाकचा सेल्फ गोल. शेजारधर्म असावा तर असा.

आळशी_गोलकीपर: अवांतर: गोलनंतर बायर्नचा गोली ऑलिव्हर कान कॉर्नरचा झेंडा उपटून उताणा पडला होता. आमच्या ग्राउंडवर असलं काही केलं तर झेंडा भरून द्यावा लागतो.

चहाटपरी_एफसी: अहो आठ वाजत आले!! पेनल्टी का नाही ते कळलं, धन्यवाद काका, पण कोण बरोबर ते सांगा ना.

शिट्टीवाले_काका: कोण म्हणजे? वाद नेमका काय आहे ते तुम्ही अजून लिहिलेलंच नाही.

चहाटपरी_एफसी: सोसायटीचा क्विझ आहे हो. 'बायर्नचा तो गोल कशावर झाला?' ए विंगने लिहिलं पेनल्टी, बी विंगने इनडायरेक्ट फ्रीकिक, आणि उत्तरपत्रिकेत आहे डायरेक्ट फ्रीकिक. उत्तरपत्रिका सेक्रेटरींनी काढलीय.

शिट्टीवाले_काका: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना. बी विंग. इनडायरेक्ट म्हणजे दुसऱ्या कुणाचा स्पर्श झाल्याशिवाय गोल धरत नाहीत. एफेनबर्गने बॉल हलकाच सरकवला, मग अँडरसनने भिंतीतून मारला. एकट्याने थेट मारता आला असता तर एफेनबर्ग कशाला लागला असता?

घाटावरचा_बव्हेरियन: यावर मात्र काकांना +1.

चहाटपरी_एफसी: दिले बी विंगला मार्क. सेक्रेटरी गप्प आहेत, लक्षण बरं नाही. अजून एक, त्याच सीझनचा टॉप स्कोरर शालकेचा एब्बे सांडच ना? कारण सी विंगने बार्बारेझ लिहिलंय आणि मी ते आत्ताच चूक दिलंय.

डॉर्टमुंडचा_जावई: दोघंही. 22-22 गोल.

चहाटपरी_एफसी: अरे देवा. सी विंगमध्येच सेक्रेटरी राहतात.