लाल तोंड म्हणजे भांडणच असं नाही

हा धागा काढणारीला मैत्रिणीने मेसेजमध्ये एक लाल चेहऱ्याचा इमोजी 😡 पाठवला, त्यावर ती दोन दिवस झुरतेय. तिला वर कुणीतरी म्हटलंय की लाल चेहरा आला की समजायचं, समोरचा भडकलाय. मला नाही पटत. खरा संतापलेला माणूस इमोजी शोधत बसत नाही, तो "ठीक आहे." असं पूर्णविरामासकट लिहून गप्प होतो. त्या टिंबाला मी जास्त घाबरते!

माझी बहीण "पोचलीस का? कळवायचं असतं 😡😡😡" असं पाठवते. तीन-तीन लाल तोंडं म्हणजे शुद्ध लाडीक दटावणी. तेच साहेबांकडून "फाईल अजून आली नाही" याच्यापुढे एकच आलं, तर मात्र पोटात गोळा येतो. म्हणजे चित्र तेच, पण पाठवणारा कोण आणि आधीचं वाक्य काय यावर सगळं.

नावांचाही घोळ आहेच. पिवळा 😠 आणि लाल 😡 दोन्ही युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या फोन-संगणकांसाठी ठरवलेल्या अक्षरांच्या आणि इमोजींच्या यादीत) 2010 साली आले. त्यातल्या लाल चेहऱ्याचं युनिकोडमधलं मूळ नाव चक्क 'फुरंगटलेला चेहरा' अशा अर्थाचं आहे. म्हणजे बहीण बरोबरच वापरते म्हणायचं. नाकातून वाफ सोडणारा 😤 तर आपण सर्रास रागासाठी टाकतो, पण त्याच्या नावात राग नाहीच, विजयाचा आविर्भाव आहे. तोंडावर काळी पट्टी आणि त्यात चिन्हं असलेला 🤬 (हा 2017 चा) मात्र सरळसरळ शिवी. तिथे फार अर्थ लावत बसू नये.

धागाकर्तीला इतकंच सांगेन, मैत्रिणीच्या त्या एका लाल तोंडावर दोन दिवस झुरण्यापेक्षा सरळ फोन कर.