बीपी नॉर्मल होतं, मग माझं काय चुकलं?

नाईटवाली:
मेल सर्जिकल वॉर्डला नर्स म्हणून येऊन दोनच महिने झालेत, आधी ओपीडीत होते. परवा नाईटला 38 पेशंट आणि आम्ही दोघी. एक काका, आतड्याचं ऑपरेशन होऊन पहिलाच दिवस, वजन 60 च्या आसपास. ओव्हर (आधीच्या ड्युटीकडून ताबा) घेतली तेव्हा पल्स 88, बीपी 120/80. रात्री एकला पल्स 118, बीपी 110/84, हातपाय गार, युरोबॅगेत (लघवीच्या पिशवीत) दोन तासांत जेमतेम 35 एमएल आणि काका सारखे उठून बसायला बघतायत, पाणी द्या पाणी द्या चाललंय. सरांना फोन केला तर म्हणाले बीपी ठीक आहे ना मग, दुखत असेल, इंजेक्शन द्या. दिलं. पहाटे चारला बीपी 84/50, नुसती पळापळ, परत ओटीत नेलं तर आत ब्लीडिंग. वाचले काका, पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. ड्रेनमध्ये (पोटातलं रक्त-पाणी बाहेर काढायच्या नळीत) 40 एमएलच होतं हो, म्हणून मलापण वाटलं ब्लीडिंग नसणार.

जुनी इन्चार्ज:
अगं तुला सगळं दिसलं होतं की. बीपी सगळ्यात शेवटी पडतं. रक्त कमी व्हायला लागलं की शरीर पल्स वाढवतं, हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि बीपी धरून ठेवतं, म्हणून तर हात गार. तुझेच आकडे बघ, आधी वरच्या-खालच्या बीपीत 40 चं अंतर होतं, एक वाजता 26 राहिलं. लघवी किलोमागे तासाला अर्धा एमएल तरी हवी, म्हणजे 60 किलोला दोन तासांत 60. आधी लघवीची ट्यूब कुठे मुडपलीय का, ओटीपोटी हात लावून ब्लॅडर भरलंय का ते बघायचं, ते ठीक असेल तर मग लघवी तयारच होत नाहीये. आणि ड्रेनवर विसंबू नकोस, गुठळी अडकली की ड्रेन कोरडाच दिसतो. मी तर पेशंटच्या कमरेखाली हात घालून बघते, वरून ड्रेसिंग स्वच्छ आणि खाली चादर चिंब असं कितीदा पाहिलंय.
इंजेक्शन कुठलं दिलंस? डायक्लो (डायक्लोफेनॅक, दुखण्यावरचं) असेल तर लघवी कमी असताना किडनीला आणखी त्रास.

लंडनचा ब्रदर:
ताई श्वास किती होता ते लिहिलंच नाही तुम्ही. इकडे वॉर्डात न्यूज स्कोअर (पल्स, बीपी, श्वास वगैरेंना गुण देऊन पेशंट बिघडतोय का ते ओळखायची पद्धत) असतो, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 ला काढला, 2017 ला सुधारला. तुमच्या काकांचे पल्सचे 2 आणि वरच्या 110 चा 1, झाले 3. श्वास 21 ते 24 मध्ये असता तरी आणखी 2, म्हणजे 5, आणि 5 ला डॉक्टरने तातडीने येऊन बघायचंच. पल्स मोजतोय असं दाखवून मनगट धरायचं आणि पूर्ण मिनिट छातीकडे बघायचं, पेशंटला सांगितलं की तो श्वास बदलतो. मेटोप्रोलॉलवाला (पल्स कमी ठेवणारी गोळी घेणारा) पेशंट असेल तर पल्सवरपण भरवसा नाही, तो हवा तसा वाढत नाही.

नाईटवाली:
डायक्लोच होतं. आणि श्वास... चार्टवर 20 लिहिलाय. सगळ्यांचा 20 च लिहितो ना आपण. त्या रात्री मोजलाच नव्हता.

जुनी इन्चार्ज:
20 चा रोग सगळीकडे आहे, माझ्या वॉर्डातपण, खोटं कशाला बोलू.
फोनवर मात्र "सर पेशंट बरोबर वाटत नाही" एवढंच बोलू नकोस, झोपेतल्या माणसाला त्यातून काही कळत नाही. सरळ सांग, पहिला पोस्टऑप दिवस, पल्स 88 वरून 118, दोन तासांत लघवी 35, हात गार, ब्लीडिंग वाटतंय, तुम्ही येऊन बघा. नाही आले तर त्यांच्या सीनियरला लाव, राग येऊ दे. फोनची वेळ आणि उत्तर नर्सिंग नोट्समध्ये लगेच लिही, सकाळी आठवून नाही. तोवर पाणी द्यायचं नाही, ओठ ओले करायचे फक्त, दुसरी जाड कॅन्युला (शिरेतली सलाईनची नळी) टाकून ठेवायची आणि क्रॉसमॅचला (द्यायचं रक्त जुळतंय का ते तपासायला) सँपल गेलंय का ते बघायचं, रात्री रक्त आणायला मामा (वॉर्डबॉय) सापडेपर्यंतच अर्धा तास जातो.