सिंगापूर: मुलाला मदर टंग म्हणून चायनीज द्यावं का?

वांगीभात: नमस्कार मंडळी, आम्हाला सिंगापूरला येऊन सहा वर्षं झाली, लेक जानेवारीत पहिलीत जाईल. इथे शाळेत इंग्रजीबरोबर 'मदर टंग' म्हणून आणखी एक भाषा घ्यावी लागते, ती कोणती घ्यायची यावरून घरात रोज वाद. मराठी यादीतच नाही, तमिळ आहे, नाहीतर हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू. नवरा म्हणतो हिंदी घे, मार्क पडतील. मला वाटतं चायनीजसाठी अर्ज करावा, इथेच राहायचंय तर शेजारपाजारची भाषा यायला नको का? पण आम्हा दोघांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. कोणी केलंय का असं?

तिसरा_मजला: आम्ही केलंय, मुलगी आता सहावीत आहे. खरं सांगू का, पहिली दोन वर्षं रडारड होती. दर आठवड्याला थिंगशिए असतं, म्हणजे आपलं श्रुतलेखन, आणि अक्षर बघून नुसतं ओळखून चालत नाही, कुठली रेघ आधी कुठली नंतर ते सुद्धा हाताला बसावं लागतं. पीएसएलईला, म्हणजे सहावीच्या शेवटच्या परीक्षेला, चारच विषय आणि चारही सारख्याच वजनाचे, त्यामुळे नवऱ्याची भीती अगदीच खोटी नाही हो. ट्यूशन लावावीच लागली. पण एक बघा, घरी सगळे चायनीजच बोलतात असं आता राहिलेलं नाही, २०२० च्या जनगणनेत घरात जास्त करून इंग्रजीच बोलणारे ४८.३ टक्के निघाले आणि मँडरिनवाले, म्हणजे शाळेत शिकवतात ती चायनीज बोलणारे, २९.९. म्हणजे तिच्या वर्गातली चिनी पोरंसुद्धा थिंगशिएच्या नावानं बोटं मोडतात, आपलं एकटंच मागे पडतं असं नाही.

च_चमच्याचा: उच्चारांचं टेन्शन घेऊ नका, मराठी पोरांना तिथे फायदा आहे. पिनयिनमध्ये, म्हणजे चायनीज उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, बी लिहितात तो आपला 'प' आणि पी लिहितात तो 'फ'सारखा, फक्त ओठ दातांना न लावता. डी म्हणजे 'त', टी म्हणजे 'थ'. इंग्रजीवाल्यांना हा फरक कानाने पकडायला वेळ लागतो, आपल्याला बाराखडीतच शिकवलाय. वर झेड म्हणजे 'चांगला' मधला 'च', जो हिंदीवाल्यांकडे पण नाही! खरी गोची सुरांची. 'मा' एका सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात शिव्या घालणं. आईला घोडा म्हणून झालंय माझं, क्लासमध्ये सगळ्यांसमोर.

कट्टा_कोथरूड: आणि मराठीचं काय? चायनीज, इंग्रजी, मग मराठीला रविवारचा एक तास. आजीशी बोलणार कसा तो?

तिसरा_मजला: @कट्टा_कोथरूड हिंदी घेतली तरी आजीशी मराठी घरातच बोलावी लागणार ना? ते काम शाळेच्या गळ्यात कशाला. आम्ही घरात इंग्रजी बंद केलं, भांडण झालं तरी मराठीतच भांडायचं.

गवती_चहा: मी इथे मोठी झाले आणि चायनीजच घेतलं होतं. मार्क बेताचेच पडले, ते सोडा. मला गोडी लागली ती नात्यांमुळे. इंग्रजीत सगळ्या आंट्या, पण चायनीजमध्ये आत्या वेगळी (कूकू), मावशी वेगळी, मामा वेगळा, काका बाबांपेक्षा मोठा की धाकटा त्यावरून परत दोन शब्द, आईची आई आणि बाबांची आई सुद्धा वेगळ्या. आपल्याच घरासारखं वाटलं एकदम. शेजारच्या आजी भेटल्या की आधी 'जेवलीस का' विचारायच्या, त्याचं उत्तर मेन्यू सांगून द्यायचं नसतं हे पण तिथेच कळलं. चिनी नवीन वर्षाला अशा शेजाऱ्यांकडे जाल तेव्हा संत्री न्या, जोडीने. घड्याळ मात्र कधीच भेट देऊ नका, त्या शब्दांचा उच्चार मयताला पोचवण्यासारखा होतो. मुलाला पुस्तकाआधी असल्या घरात बसवा. आणि तुम्ही दोघंही त्याच्याबरोबर शिका, सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू सुद्धा मोठेपणीच मँडरिन शिकले आणि म्हातारपणापर्यंत शिकवणी चालू होती त्यांची.

वांगीभात: सगळ्यांना थँक्यू. नवरा अजून पन्नास टक्केच तयार आहे, पण काल त्यानेच लेकाबरोबर बसून दहा अक्षरं गिरवली आणि त्यातली सात चुकली. लेकाने व्हिडिओ कॉलवर आत्याला 'कूकू' अशी हाक मारली तर ती म्हणे, कुंकू लावलंय रे, दिसत नाही का?