मदत हवी आहे: पाळणाघराचं सरकारी अनुदान चेंज रिपोर्टवर अडकलंय (पुणे)

पाळणाताई:

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाका. थोडं लांबण लागेल, पण त्याशिवाय गुंता कळायचा नाही.

अप्पर इंदिरानगरच्या बाजूला आमची छोटी संस्था आहे. १८६० चा सोसायटी कायदा आणि १९५० चा विश्वस्त कायदा अशी नेहमीची दुहेरी नोंदणी. दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत पाळणाघर चालतं. बावीस मुलं, सकाळी सात ते दुपारी तीन. बहुतेकांच्या आया सहकारनगर-बिबवेवाडीत धुणीभांडी करतात, दोघी कचरा वेचतात. पाळणाघर नसेल तर थोरली बहीण शाळा बुडवून धाकट्याला सांभाळत बसते, हे आम्ही लॉकडाउननंतर डोळ्यांनी पाहिलंय.

आजवर देणग्यांवर भागलं. यंदा दोन मोठे देणगीदार गळाले, म्हणून पहिल्यांदाच अनुदानाचा अर्ज केला. दर्पणचा (नीती आयोगाच्या संस्था-पोर्टलचा) नंबर, आयकराची १२ अ नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट, हजेरीपट, सगळं लावलं. पंधरा दिवसांत त्रुटीपत्र हातात: ‘परिशिष्ट १ वरील खजिनदार व अर्जावरील खजिनदार भिन्न आहेत.’ (परिशिष्ट १ म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या आमच्या नोंदीचा उतारा.)

आहेतच भिन्न! जुने खजिनदार काका दोन वर्षांपूर्वी गेले. ठराव करून माझं नाव घेतलं. पण चेंज रिपोर्ट, म्हणजे हा बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज, दाखल करायला आम्हाला सात महिने लागले, कारण मूळ फाइल काकांच्या माळ्यावर होती आणि काकूंकडे ती मागायचा धीर कोणाला होईना. रिपोर्ट अजून प्रलंबित आहे. परिशिष्टावर काकाच खजिनदार आहेत, आणि बँकेतही खजिनदार म्हणून सही त्यांचीच. सध्या अध्यक्ष आणि सचिव मिळून चेक काढतात.

त्रुटीपूर्ततेला अकरा दिवस उरलेत. दाखल केल्याची पोच जोडून भागेल का? दुसरं, एक जण म्हणतात की अनुदानाच्या भानगडीत पडूच नका, बायकांचे बचत गट करा आणि तिकडून पैसे आणा. हे जमतं का? आणि मंजूर झालंच, तर हिशेब कसा ठेवायचा?

भवानीपेठकर:

पोच नुसती जोडून गप्प बसू नका. विश्वस्त कायद्याच्या कलम २२ नुसार बदल ९० दिवसांत कळवायचा असतो, तुमचा उशीर झालाय. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पुरेसं कारण दाखवलं तर खर्च भरून घेऊन उशीर माफ करता येतो. तो अर्ज केला होता का? नसेल तर रिपोर्ट तिथेच अडकला असणार. काकांचा मृत्यूचा दाखला आणि फाइल उशिरा मिळाल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

दुसरं म्हणजे, त्याच दुरुस्तीत विश्वस्तांच्या नावातला बदल १५ कामकाजी दिवसांत तात्पुरता मान्य करण्याची सोय आहे. मग ३० दिवसांची हरकतीची नोटीस निघते, हरकत आली नाही तर आदेश कायम होतो. तुमच्याकडे भांडण नाही, तेव्हा वकिलांना तात्पुरत्या आदेशाचीच मागणी करायला सांगा. आणि अनुदान देणाऱ्या सरकारी खात्याला आजच पत्र द्या: काय प्रलंबित आहे, कधीपासून, आणि मुदतवाढ हवी. पत्रावर आवक शिक्का घ्यायला विसरू नका. आमची एक मुदतवाढ केवळ त्या शिक्क्यामुळे वाचली होती.

जमाखर्च:

बचत गटाबद्दल. गट दहा ते वीस जणींचा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात गटाला १०,००० रुपये फिरता निधी आणि वस्तीस्तर संघाला (अशा गटांच्या संघाला) ५०,००० मिळायचे. पण तो पैसा त्या बायकांचा. आपसात कर्ज फिरवायला असतो, तुमच्या खोलीच्या भाड्याला नव्हे. गट जरूर करा, पाळणाघर त्याच्या गळ्यात बांधू नका.

हिशेबाचं म्हणाल तर केंद्राचं अनुदान असेल तर त्याला वेगळं बचत खातं काढा. त्यावर पडलेलं व्याजसुद्धा सरकारला परत करावं लागतं, ही गोष्ट नवखे खजिनदार हमखास विसरतात. वर्ष संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, १२-अ नमुन्यात (हा नमुना सरकारी वित्त नियमांतला, आयकराचा १२ अ वेगळा). ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, म्हणजे मधले तीन-चार महिने भाडं कुठून देणार ते आधी ठरवा. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका. ५,००० च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. सेविकेच्या मानधनाच्या व्हाउचरवर दर महिन्याला सही घ्या, वर्षअखेरीला बारा सह्या एका बैठकीत घेतल्या की शाईचा रंग बोलतो.

सिंहगडरोडवाला:

केंद्राच्या पाळणाघर योजनेबद्दल एवढंच: २०२२ पासून ती मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली ‘पाळणा’ नावाने आहे, सहा महिने ते सहा वर्षं वयोगट. तुमच्या हजेरीपटात सहाच्या वरची मुलं असतील तर आत्ताच वेगळी दाखवा.

पाळणाताई:

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीरमाफीचा अर्ज केलाच नव्हता, वकिलांनी ‘नंतर बघू’ म्हटलं होतं. उद्या सकाळी त्यांच्याकडे जाऊन बसते. खात्याला पत्र आज दिलं, शिक्का घेतला. हजेरीपटात सात वर्षांच्या तीन मुली निघाल्या, धाकट्या भावंडांबरोबर येतात. त्यांचं नाव अभ्यासिकेच्या वहीत घालते, हाकलणार मात्र नाही.

आता एक नवीनच. आमचा किराणावाला तांदूळ-डाळीचा हिशोब पुठ्ठ्याच्या खोक्याच्या तुकड्यावर लिहून देतो. आज त्याला पक्कं बिल मागितलं, तर म्हणाला, “ताई, मग भाव वेगळा लागेल.” किलोमागे चार रुपये जास्त. अप्पर-बिबवेवाडीच्या बाजूला पक्क्या बिलाचा, पण माणुसकीच्या भावाचा दुकानदार कोणी सुचवेल का?