तिकीट नाही, तरी यजमान शहरात जायचं का?

प्रश्न: फुटबॉल वर्ल्ड कपच्या काळात तीन दिवस शहरात असू. तिकिटं मिळाली नाहीत. मजा कशी घ्यायची?

कॉर्नरकिक: फॅन झोन गाठा, म्हणजे मोठ्या पडद्यावर सामने दाखवणारं मोकळं मैदान किंवा चौक. 2006 च्या जर्मनीतल्या स्पर्धेपासून ही प्रथा रुजली. प्रवेश बहुधा मोफत, पण जागा भरली की फाटक बंद! यजमान संघाचा सामना असेल तर दोन-तीन तास आधी पोहोचा. काचेची बाटली, मोठी सॅक नेऊ नका, फाटकावरच अडवतात. पडद्याला अगदी चिकटून उभं राहू नका, मान आखडते. दुपारी पडद्यावर थेट ऊन पडतं का, तेही बघा. चित्र फिकं दिसतं.

साइडलाइन: गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी असतात. तेव्हा अनेक टीव्ही असलेला बार बरा. मोबाइलवर बघू नका. स्ट्रीमिंग काही सेकंद मागे असतं, शेजारचा आरडाओरडा आधी कळतो आणि गोलचा विचका होतो.

थ्रो-इन: बाद फेरीत बरोबरी झाली तर 90 मिनिटांवर जादा 30, तरीही बरोबरी तर वर पेनल्टी. सामना लांबतो. शेवटची मेट्रो आधी तपासा. गर्दीत नेटवर्क कोलमडतं, म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा. आणि स्टेडियमबाहेरच्या दलालाकडून तिकीट? अजिबात नको.