मदत हवी आहे: घायपाताचा दांडा रस्त्याकडे कललाय

कंपाउंडलगतच्या पिवळ्या पट्ट्यांच्या घायपाताला दांडा आलाय, पार दुसऱ्या मजल्याच्या वर गेलाय आणि फुलं उमलतायत, बघायला सगळी गल्ली येते. एकदा फुललं की मूळ झाड मरतं, दांडा कापून वाचत नाही हे माहितीये, तो सल्ला नको. प्रॉब्लेम हा की तो रस्त्याकडे कललाय आणि खालून लोक जातात. वायरी लांब आहेत. दोरीने गेटच्या खांबाला ताणून बांधलाय पण वारा सुटला की दोरी दांड्याला काचते. बुडाशी पिल्लं भरपूर आहेत, पण मला बियाही हव्यात. चिकाने खाज येते म्हणून हातमोजे-गॉगल तयार आहेत. तर बोंडं वाळेपर्यंत दांडा ठेवणं सेफ आहे का, की झाड सुकलं की बुडातूनच उन्मळतं? आणि पाडायचाच झाला तर वरून तुकडे करत की एकदम?