‘आधार’, ‘मदार’ की ‘अवलंबून’? सर्व्हर आणि सेवांच्या नकाशातले शब्द

धुरकरी: बाजार समितीच्या काटापट्टी सॉफ्टवेअरचा नकाशा मराठीत करतोय. कोणत्या सेवेला कोणता सर्व्हर, कोणता डेटाबेस लागतो ते. ‘डिपेन्डन्सी’ला ‘आधार’ लिहिलं तर लोकांना कार्डच आठवतं. ‘मदार’ चालेल?

जुनी वही: मदार बोलण्यात छान, पण त्यातून बाण कुठे काढायचा ते कळत नाही. ‘अवलंबून’ घ्या. मूळ धातू लंब्, म्हणजे लोंबणे. काटापट्टी डेटाबेसच्या खुंटीला लोंबते. बाण लोंबणाऱ्याकडून खुंटीकडे काढायचा. बिघाड मात्र बाणाच्या उलट, खुंटीकडून येतो. हे दोन उलटसुलट झाले की नकाशा वाया.

डीपीवाला: बरोबर हाये. मोटरींले वीज देनारी डीपी उडाली तं साऱ्या मोटरी बंद. एक मोटर जळली तं डीपी चालूच. पन भाऊ, मोटरीत शॉर्ट झाला तं डीपीचा फ्यूजही जाते. तसाच एखादा रिपोर्ट पोस्टग्रेस डेटाबेसच्या साऱ्या जोडण्या अडवून बसते (सेटिंग बदललं नसन तं 100च मिळते) अन् काटापट्टी अडकते. या दोघांत बाण नाही काढाचा. दोघं एकाच खुंटीले हायेत, येवढं दिसलं पाह्यजे.

धुरकरी: नेटस्टॅटमध्ये (चालू जोडण्या दाखवणारी आज्ञा) पोस्टग्रेसच्या 5432 पोर्टवर दिसलं ते सगळं ‘अवलंबून’मध्ये टाकलंय.

जुनी वही: ते सगळं फक्त ‘जोडलेले’. बॅकअपही तिथंच येतो, पण तो थांबला म्हणून काटा थांबत नाही. खुंटी काढली तर लोंबणारं किती वेळात पडेल, हे सांगता आलं तरच ‘अवलंबून’. उलट, नेटस्टॅट त्या क्षणाचंच दाखवतं. डीएनएसची, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या सेवेची, विचारणा (पोर्ट 53) क्षणात येऊन जाते, महिनाअखेरचा हिशोब महिन्यातून एकदा. नोंद किमान 35 दिवस घ्या. आणि व्हर्च्युअल मशीनसाठी (खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभं केलेलं आभासी यंत्र) ‘वर चालते’ हा शब्द वेगळा ठेवा. मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवली की ती रेघ बदलते, अवलंबनाची तशीच राहते.

धुरकरी: वेब सर्व्हर दोन आहेत. ‘सर्व्हरजोडी’?

डीपीवाला: काऊन? बंडीच्या जोडीत एक बैल बसला तं बंडी उभी. तुमचं तं एकावर भागते. ‘राखीव’ म्हना.

जुनी वही: राखीव म्हणजे गोठ्यात बांधलेला. इथं दोन्ही कामाला आहेत, म्हणून ‘संच: दोनपैकी एक पुरे’. सेवेचा बाण संचाकडे काढा. प्रत्येक सर्व्हरकडे वेगळा काढला तर एक पडताच सेवा लाल दिसेल. मात्र ऐन हंगामाच्या भाराला एक पुरतो का, ते दुसरा बंद करून तपासा. नाही पुरला तर ती खरंच बैलजोडी.

डीपीवाला: अन् दोन्ही एकाच यूपीएसवर असन तं?

जुनी वही: मग दोघांचे बाण त्याच यूपीएसकडे. तिथं ‘दोनपैकी एक’ लिहिता येत नाही.